स्प्लिट पॉइंटवरची टिकली

माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या मामांनी साधेपणावर भाषण केलं आणि ते डिस्कोच्या ठेक्यावर झालं.

मामांचा त्यात काही दोष नव्हता. ते बिचारे गंभीरपणे बोलत होते. डिस्को आमच्या बाजूचा होता. म्हणजे माझा!

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही कुर्ल्याची चाळ सोडून नेरूळला राहायला आलो होतो. नेरूळ तेव्हा नुकतं वसत होतं. रिक्षावाल्याला सेक्टर सांगितला तर तो उलट आपल्यालाच विचारायचा, "वो किधर आया?" पण स्वतःचा ब्लॉक होता, खिडकीतून वारा यायचा (आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या बांधकामाचं सिमेंट), त्यामुळे आम्ही खूश होतो. आम्ही म्हणजे मी, बायको शुभा, बहीण सुनंदा आणि आमचे वडील, आबा.

एकटे आबा खूश नव्हते. त्यांची पेटी मेली होती.

आबा मूळचे महाडकडचे. गिरणीत नोकरी आणि बाकीचा जन्म गायन पार्टीत. पेटी वाजवत स्वतः गायचे. आवाज असा, की माइक ही वस्तू त्यांनी निव्वळ सभ्यता म्हणून समोर ठेवली असावी. नेरूळला येताना टेम्पोत त्यांच्या पेटीवर शुभाचं शिलाई मशीन पडलं. भाता फाटला, सूर चेपले. मशीनला साधा ओरखडासुद्धा नाही! आबांनी शुभाला शब्दानं दुखावलं नाही. फक्त ती शिवायला बसली की ते उठून गॅलरीत जायचे.

अशात सुनंदाचं जमलं. स्थळ पनवेलचं. मुलगा सुशिक्षित, सरळ, दिसायला छान. मुलाचे वडील गायकवाड गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. मला बघून ते पहिलं वाक्य बोलले ते "सरळ बसा" हे. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. मी सरळ बसलो.

गुरुजींची अट एकच. "दिखावा नको. बँडबाजा नको. ढोलताशे आम्हाला चालत नाहीत."

आबा म्हणाले, "गुरुजी, साखरपुड्यात फक्त एक गाणं होईल. मीच लिहिलंय. लेकीसाठी."

"तेवढं चालेल," गुरुजी म्हणाले. "गाणं चालेल. गोंगाट नको."

हा 'गोंगाट नको' मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढे मला सहानुभूती दाखवायचा मोह तुम्हाला होणार नाही.

आता गाणं होतं, पण पेटी नव्हती. आणि नेमका तेव्हाच शुभाचा भाऊ मस्कतहून आला आणि त्यानं बहिणीला एक लांबलचक खोका दिला. आत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड! काळा, चकचकीत, बटणांनी भरलेला. त्यात सनई होती, व्हायोलिन होतं आणि ढोलकी सोडून जगातले सगळे ठेके होते. सोबत माहितीपुस्तक होतं, ते जपानी आणि जर्मन भाषेत. शुभा म्हणाली, "आबा, पेटी गेली तर गेली. आता हे घ्या." शिलाई मशीनचं प्रायश्चित्त एकदाचं झालं म्हणून ती इतकी आनंदात होती, की 'हे आम्हाला वाजवता येत नाही' असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

या यंत्राची एक खुबी असते, ती आधी सांगतो. पट्ट्यांवर कुठेतरी एक सीमा ठरवायची. सीमेच्या डावीकडे नुसतं एक बोट टेकवलं की यंत्र आपलं आपण ड्रम, गिटार असा अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवायला लागतं. सीमेच्या उजवीकडे आपण आपली चाल वाजवायची, अगदी पेटीसारखी. ही जी सीमा, तिचं नाव स्प्लिट पॉइंट. ती बदलायची तर त्या नावाचं बटण दाबून धरायचं आणि हवी ती पट्टी दाबायची. झालं. इतकं सोपं!

मला वाटलं, आबा उजवीकडे चाल वाजवतील, गातील. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून हळू, संथ ठेका धरीन. बापलेकांची जोडी! मला संगीत येत नाही, पण एक बोट टेकवायला संगीत कशाला यायला हवं?

"स्प्लिट कुठे ठेवू, आबा?" मी विचारलं. बस, तिथून आमच्या घराची वाट लागली.

"हे बघ, माझा सा इथे," आबांनी एक पट्टी दाबली. "आणि गाण्यात मी खर्जात उतरतो. इथपर्यंत." त्यांचं बोट डावीकडे सरकत सरकत पार कडेला पोचलं. "एवढं मला लागणार. त्यापुढे तुझं काय ते कर."

त्यापुढे पट्ट्या उरल्या होत्या चार! त्यातल्या एकीवर त्यांचा कोपर होता.

"आबा, मला जरा जागा द्या ना! तुम्ही खाली नका उतरू. वरच्या सुरात गा."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना अर्धी मिशी काढायला सांगितली होती. "तीस वर्षं खर्ज लावलाय मी. तुझ्या बोटाला जागा पाहिजे म्हणून वर जाऊ? तू बारीक हो!"

"मधोमध ठेवा की," शुभा म्हणाली. (यंत्र तिच्या भावाचं, म्हणून न्यायनिवाडा तिच्याकडे.)

"मधोमध ठेवलं तर ह्यांचं अर्धं गाणं माझ्या ड्रममध्ये पडेल!" मी ओरडलो.

"मग ड्रम बंद ठेव!" सुनंदा आतून ओरडली. "गुरुजी काय म्हणाले विसरलास का, दादा? गोंगाट नको!"

घरात अक्कल एकटीला होती आणि तिचं लग्न होऊन ती चालली होती.

मी आत जाऊन तिला समजावलं, की हा गोंगाट नाही, ही मंद साथ आहे. पाळणा हलावा तसा ठेका. तिनं माझे दोन्ही हात धरले. "दादा, मला हे स्थळ आवडलंय. खूप आवडलंय. प्लीज." मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना!" तिच्या चेहऱ्यावरचं टेन्शन त्या क्षणी दुप्पट झालेलं मला स्पष्ट दिसलं.

रोज संध्याकाळी तालीम आणि रोज भांडण. मी सीमा उजवीकडे सरकवायचो, आबा डावीकडे ढकलायला लावायचे. शेवटी शुभानं तोडगा काढला. आबांचा खर्ज आणि माझं बोट या दोघांना जेमतेम सोसेल अशी एक पट्टी तिनं शोधली आणि तिच्यावर आपल्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. "ही हद्द. टिकलीच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे आबा. आता कुणी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर टिकली दोन पट्ट्या डावीकडे!

"आबा, टिकली कुणी हलवली?"

"मी. थोडीच घेतलीय जागा."

"अहो, टिकली सरकवून स्प्लिट सरकत नाही! तो मशीनच्या आत असतो!"

"मग टिकली कशाला लावलीय?"

मी टिकली जागेवर आणली. पण आबांनी विचारलेला प्रश्न किती खोल होता, हे मला साखरपुड्याच्या दिवशी कळलं.

साखरपुडा आमच्याच सोसायटीच्या आवारात. मंडप आणि लाउडस्पीकर शेजारच्या शिरवणे गावातल्या दामूशेठचा. दामूशेठ म्हणजे उत्साहाचा डोंगर. मी त्याला सांगितलं, "आवाज बेताचा ठेव."

"आरं भावा, टेन्शन कशाला घेतंस?" दामूशेठ म्हणाला. "बेताचाच हाय." आणि त्यानं मंडपाच्या चारी कोपऱ्यांत चार भोंगे बांधले. बेत बहुतेक खाडीपलीकडच्या उलव्यापर्यंत ऐकवायचा होता.

पाहुणे आले. पांढरेशुभ्र कपडे, शांत चेहरे. बुद्धवंदना झाली. सुनंदा निळ्या साडीत इतकी गोड दिसत होती, की माझ्यासारख्या भावालाही भरून आलं. आबा आणि मी कीबोर्डमागे बसलो होतो. स्प्लिट टिकलीवर. ठेका संथ. आवाज सनईचा. दोनदा तपासलं होतं. मग मामा भाषणाला उभे राहिले आणि वीज गेली.

नेरूळची वीज तेव्हा पाहुण्यांना बघून जायचीच. पण ती लगेच परतही आली. सगळ्यांनी "आली आली" केलं, पंखे फिरले, मामांनी घसा साफ केला. मी कीबोर्ड बघितला. डावीकडे बोट टेकताच ठेका सुरू व्हावा, त्यासाठी एक बटण असतं. त्याचा दिवा विझलेला. मी तो हुशारीनं पुन्हा लावला. सनईचं बटणही पुन्हा दाबलं. स्वतःवर खूश झालो.

वीज गेली की हे यंत्र सगळंच विसरतं, हे मला माहीत नव्हतं. ठेका विसरतं. स्प्लिटही विसरतं. कारखान्यातून आलं तेव्हा होतं तसं पुन्हा होतं. सीमा आता मधोमध होती. आणि टिकली मात्र जिथल्या तिथे, लालभडक, निर्धास्त.

मामा म्हणाले, "आजकाल लग्नात जो धांगडधिंगा चालतो..."

आबांनी आरामात आपला पंजा पट्ट्यांवर ठेवला. टिकलीच्या उजवीकडे. स्वतःच्या हद्दीत.

धडाड धुम्म! धडाड धुम्म! चक्-चका-चक्-चका!

चारी भोंग्यांतून डिस्को कोसळला. एक म्हातारी प्लेटसकट उठून उभी राहिली. मामा मोठ्या जिद्दीचे. ते थांबले नाहीत. "...तो आपण टाळला पाहिजे!" धुम्म! "साधेपणा हेच!" धुम्म! "खरं!" चक्-चका! "भूषण!"

मी बंद करायचं बटण शोधत होतो. "आबा, डावीकडे हात का घातलात?"

"मी? टिकली बघ! कोण डावीकडे गेलंय?"

खरंच, आबा हद्दीतच होते. म्हणजे यंत्र बिघडलं, दुसरं काय! मी शेवटी बटण शोधून ठेका थांबवला. तोवर मामा "एवढे बोलून" पर्यंत आलेच होते. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी सरळ बसलो.

"चुकून झालं," मी माइकवर म्हणालो. माइकवरून चूक कबूल केली की ती चौपट मोठी ऐकू येते.

"आता मुलीचे वडील गाणं म्हणतील," कुणीतरी सांगितलं. माझ्यात थोडी जरी बुद्धी असती तर मी तिथेच ठेक्याचा नाद सोडला असता. पण मला वाटलं, आता मंद साथ ऐकवली तरच मघाचं धुऊन निघेल. मी तो दिवा पुन्हा लावला. घाईत ठेका मात्र बदलायचा राहिला.

आबांनी डोळे मिटले. आता आबांचं एक सांगायला हवं. गायन पार्टीत त्यांनी पावसात गाणी म्हटली होती, भांडणात म्हटली होती, समोर खुर्च्या फेकाफेकी चालू असताना म्हटली होती. समोर काहीही होवो, गाणं थांबवायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्यात ढोलकीशेजारी बसून बसून डावा कान गेलेला. आणि मी त्यांच्या डावीकडे!

"काल ओंजळीत मावली, आज अंगणी न मावे..."

पहिली ओळ वरच्या सुरांत होती. सनई गोड वाजली. सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. गुरुजींची मान किंचित हलली. माझ्या जिवात जीव आला.

"लेक माझी सुनंदा, तिला जपून न्यावे..."

ही ओळ खाली उतरणारी. आबांची बोटं डावीकडे निघाली. मधली पट्टी ओलांडली आणि सनई गडप झाली. त्या जागी धडाड धुम्म! आबा एकेक सूर खाली उतरत होते आणि प्रत्येक सुराला यंत्र नवा ऑर्केस्ट्रा उभा करत होतं. 'जपून'ला ट्रम्पेट वाजले. 'न्यावे'ला गिटार थरथरली.

"यो ठेका आमचे गावान हळदीला पायजे होता!" दामूशेठ मागून ओरडला, आणि आवाज कमी करायच्या ऐवजी त्यानं तो वाढवला. पोरंटोरं नाचायला लागली. त्यांना बघून दामूशेठही दोन्ही हात वर करून मधे शिरला. एका बापाच्या काळजाचं पाणी होत होतं आणि समोर मंडपवाला कमरेला हिसके देत होता!

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिची बाहुली विहिरीत पाडली होती, तेव्हाही तिनं असं बघितलं नव्हतं.

आणि त्या नजरेनं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीज! स्प्लिट! सीमा मधोमध गेलीय! उपाय सोपा होता. बटण दाबून धरायचं, टिकलीची पट्टी दाबायची, बस. मी बटण दाबून धरलं. उजवा हात टिकलीकडे नेला.

पण आबांचं पुढचं कडवं उंच होतं. माझं बोट टिकलीला लागायच्या आत आबांचं बोट उजवीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीवर पडलं. यंत्रानं ती नवी सीमा म्हणून मुकाट मान्य केली.

आता अख्खा कीबोर्ड डावीकडे होता! उजवी बाजू शिल्लकच नव्हती. आबांनी कुठेही बोट ठेवलं तरी ऑर्केस्ट्रा. चाल नाही, सनई नाही, नुसता धुडगूस! मी घाबरून दिसेल ते बटण दाबलं. डिस्कोचा पोल्का नाच झाला, पोल्काचं लष्करी संचलन झालं. मामा, ज्यांनी आत्ताच धांगडधिंग्याचा निषेध केला होता, ते संचलनावर पाय आपटत असलेले मी या डोळ्यांनी बघितले. शुभा दोन्ही हातांनी खुणा करत होती. "बंद करा!" का "पळून जा!" ते कळत नव्हतं. दोन्ही सल्ले योग्य होते.

आबा गातच होते. डोळे मिटून, गालांवरून पाणी वाहत असताना.

मी उठलो. वायर हातात घेतली आणि प्लग खेचला.

यंत्र मेलं. माइक दामूशेठच्या वेगळ्या लाइनवर होता, तो चालू राहिला. नाचणारे थिजले. आणि त्या शांततेत आबांचा एकट्याचा आवाज उरला. बोटं मेलेल्या पट्ट्यांवर फिरत होती आणि गळा खर्जात उतरत होता. अगदी खाली, जिथपर्यंत त्यांनी तालमीत माझ्याशी भांडून जागा मागितली होती. मी प्लग हातात धरून उभा होतो. ही जागा त्यांना कशाला हवी होती, ते मला तेव्हा समजलं. तिथे गेल्यावर रडू आलं तरी आवाज फाटत नव्हता, नुसता थरथरत होता. म्हातारी रडली, मामा रडले. दामूशेठनं वर केलेले हात हळूच खाली घेऊन जोडले. सुनंदा उठून आबांच्या पायाशी जाऊन बसली.

गाणं संपलं. आबांनी डोळे उघडले. कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते फार बरं झालं.

गुरुजी उठले. सरळ आमच्या दिशेनं आले. मी मनात सोयरीक मोडल्याचं धरूनच चाललो होतो. आता सुनंदा जन्मभर घरी, आबा गॅलरीत आणि मी कुठे, तर बहुधा पुन्हा कुर्ल्याला!

गुरुजींनी आबांचे हात हातात घेतले. "असं गाणं मी फार दिवसांत ऐकलं नाही," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळले. मी सरळ उभा राहिलो, प्लगसकट.

"सुरुवातीला आम्हाला जरा शंका आली होती," गुरुजी म्हणाले. "पण शेवटच्या कडव्याला तुम्ही जी साथ केलीत, तिला तोड नाही. लग्नातही तुम्हीच करायची. फक्त पहिल्या कडव्यापासून तशीच."

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरगं शिकतंय हळूहळू."

तेव्हापासून आमच्या दोन्ही कुटुंबांत माझा साथीदार म्हणून मोठा लौकिक आहे. बारसं असो, वाढदिवस असो, कुणी गायला बसलं की सगळे आवर्जून म्हणतात, "विलासदादा, साथ करा ना!" आणि मी नम्रपणे उठतो, स्विचबोर्डापाशी जाऊन उभा राहतो.